प्रोबेशनचे सहा महिने आणि पीएफ

हुबळी-धारवाडच्या वाचकांची या खेपेस आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. नोकरी लागली, पण प्रोबेशनवर. मग पीएफ कधीपासून सुरू व्हायला हवा? गोकुळ रोड, तारिहाळ, धारवाडची बेलूर वसाहत, विद्यानगरमधली ऑफिसं, खासगी शाळा, सगळीकडून मिळणारं उत्तर एकच दिसतं: "आधी कायम व्हा, मग बघू." हे उत्तर कायद्याला धरून नाही. ज्यांचा पगार सर्वांत कमी, त्यांनाच त्याची झळ सर्वांत जास्त लागते. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देत आहे.

शंका : माझा मुलगा आयटीआय करून सप्टेंबरमध्ये गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात लागला. साठ-सत्तर माणसं आहेत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये. नियुक्तीपत्रात लिहिलंय की सहा महिने प्रोबेशन आणि 'कायम झाल्यानंतर भविष्य निर्वाह निधी लागू होईल'. त्याने सही केली आहे. आता काही करता येईल का?
— एक पालक, हुबळी

उत्तर : करता येईल, आणि करायलाच हवं. नियुक्तीपत्रातल्या त्या ओळीला पीएफच्या बाबतीत काही किंमत नाही. कायद्याने दिलेला हक्क मालकाने छापलेल्या आणि कामगाराने सही केलेल्या कागदाने रद्द होत नाही.

भविष्य निर्वाह निधी योजनेतल्या परिच्छेद २६ प्रमाणे कामाला लागल्याच्या तारखेपासूनच कर्मचारी सभासद होतो. कर्मचारी कोण, याची व्याख्याही फार रुंद आहे: आस्थापनेच्या कामासाठी मजुरीवर ठेवलेला कोणीही, मग तो थेट मालकाकडे असो की ठेकेदारामार्फत. कायम, हंगामी, प्रोबेशनवरचा असा भेद त्यात नाही. उलट, औद्योगिक आस्थापनांच्या आदर्श स्थायी आदेशांत प्रोबेशनर हा कामगारांचाच एक वर्ग म्हणून नोंदवला आहे: कायम जागा भरण्यासाठी तात्पुरता घेतलेला माणूस. जागा कायमची, माणूस अजमावला जातोय, एवढंच. अजमावणं हा मालकाचा अधिकार आहे, पण त्या काळात केलेलं काम कामच असतं आणि त्याचा पगार पगारच असतो.

मग हा समज आला कुठून? त्याला जुना आधार आहे. १९५२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा सभासद होण्यासाठी एक वर्षाची सलग नोकरी लागत असे. पुढे ही मुदत कमी होत गेली आणि १ नोव्हेंबर १९९० पासून वाट पाहण्याची अटच गेली. कितीतरी कार्यालयांत मात्र नियुक्तीपत्राचा नमुना एकाकडून दुसऱ्याकडे उतरवला जातो आणि त्यातली ती जुनी ओळ तशीच राहते. काही ठिकाणी ती नकळत राहते. काही ठिकाणी राहू दिली जाते, कारण सहा महिने बारा टक्के वाचतात.

आता तुमच्या मुलाचा हिशेब. १४,००० वर त्याचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये आणि मालकाचेही १,६८०. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५१४ पीएफ खात्यात. सहा महिन्यांत पीएफ खात्यात १३,१६४ रुपये पडले असते. २०२४-२५ साठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. तोच दर पुढे तीस वर्षं राहिला असं धरलं, तर एवढ्या रकमेचेच सुमारे १ लाख ४२ हजार होतात. मुलगा पंचवीस वर्षांचा नसेल कदाचित, त्याला हे आकडे लांबचे वाटतील. तुम्हाला वाटणार नाहीत.

पण माझ्या दृष्टीने पैशापेक्षाही मोठी गोष्ट वेगळी आहे. कर्मचारी पेन्शन योजनेत एका महिन्याची जरी वर्गणी जमा झालेली असली आणि सभासद नोकरीत असताना गेला, तरी कुटुंबाला पेन्शन लागू होते. विधवेला किंवा विधुराला, आणि पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांनाही. लग्न झालेलं नसेल तर त्याने नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीला; तेही नसेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या वडिलांना आणि त्यांच्या पश्चात आईला. शिवाय ठेव-संलग्न विमा योजना आहे, जिचा हप्ता पूर्णपणे मालक भरतो. नोकरीला वर्ष पुरं होण्याआधी मृत्यू आला तरी किमान ५०,००० रुपये द्यावेत, असा निर्णय केंद्रीय विश्वस्त मंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतला. नव्या माणसाचा यंत्रावर हात बसलेला नसतो. अपघाताचा धोका सर्वांत जास्त याच महिन्यांत, आणि नेमकं याच महिन्यांत त्याचं नाव कुठल्याही वहीत नसतं. हे मला सर्वांत जास्त खुपतं.

आणखी एक गोष्ट. त्याची ही पहिलीच नोकरी आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदा पीएफचा सभासद होणाऱ्या, महिना एक लाखापर्यंत पगार असलेल्या कर्मचाऱ्याला 'प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजने'त एका महिन्याच्या पगाराएवढी, जास्तीत जास्त १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते: पहिला हप्ता सहा महिने नोकरी झाल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. ही नोकरी पीएफच्या नोंदीवरून मोजली जाते. नोंद सहा महिने उशिरा झाली की हा पैसाही तेवढाच लांबतो. कामगार वाढवणाऱ्या मालकालाही या योजनेत माणशी महिना ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आहे. मालकाशी बोलताना ही गोष्ट जरूर सांगा. पुष्कळदा कायद्याच्या कलमापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

मुलाने आधी लेखी अर्ज द्यावा: अमुक तारखेला रुजू झालो, त्या तारखेपासून यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) काढून वर्गणी भरावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. नियुक्तीपत्र, हजेरी कार्डाचा फोटो आणि पगार जमा झाल्याचं बँकेचं पान घरी ठेवावं. महिनाभरात काही हललं नाही तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंद करावी, किंवा हुबळीत नवनगरला पीएफचं प्रादेशिक कार्यालय आहे तिथे जावं. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरतं, तिथेही तक्रार घेतात.

शंका : मुलगी डिप्लोमा झालेली. बेलूर वसाहतीतल्या कंपनीत 'ट्रेनी' म्हणून घेतली आहे. दोन वर्षं ट्रेनिंग, विद्यावेतन १३,५००. काम मात्र पहिल्या आठवड्यापासून लाइनवर, तिन्ही पाळ्यांत. कंपनी म्हणते, ट्रेनीला पीएफ नसतो.
— एक वाचक, धारवाड

उत्तर : इथे प्रोबेशनइतकं सरळ उत्तर नाही, म्हणून जरा सावकाश वाचा.

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार नोंदवून घेतलेल्या उमेदवाराला पीएफ लागू होत नाही. त्याला विद्यावेतन मिळतं, शिकण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो, शेवटी प्रमाणपत्र असतं. जुन्या पीएफ कायद्यात आस्थापनेच्या स्थायी आदेशांखाली घेतलेले शिकाऊही वगळलेले होते. या मुद्द्यावरचा मोठा निकाल आपल्या कर्नाटकातलाच आहे. मंगळूरच्या कॅम्पको या सुपारी-कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेने घेतलेल्या ट्रेनींसाठी पीएफ कार्यालयाने वर्गणी मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला: स्थायी आदेशांखालचे हे शिकाऊ 'कर्मचारी' नव्हेत.

तेव्हापासून हा निकाल अनेक कंपन्या ढालीसारखा पुढे करतात. पण त्याचा आधार घ्यायचा तर माणूस खरोखर शिकाऊ असावा लागतो. नुसतं पद 'ट्रेनी' आहे म्हणून भागत नाही. तिला कोण शिकवतं, शिकण्याचा ठरलेला कार्यक्रम आहे का, उत्पादनाचं लक्ष्य दिलेलं आहे का, ओव्हरटाइम करून घेतात का, शेजारच्या यंत्रावरचा कायम कामगार करतो तेच काम ती करते का? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या पत्रातच आहेत: तिन्ही पाळ्या, लाइनवरचं काम, पहिल्या आठवड्यापासून. अशा वेळी पीएफ अधिकारी कागदावरच्या नावाच्या पलीकडे जाऊन चौकशी करू शकतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतली कर्मचाऱ्याची व्याख्याही वाचण्यासारखी आहे. तिच्यात फक्त अप्रेंटिस कायद्याखालचे उमेदवार वगळले आहेत. स्थायी आदेशांखालच्या शिकाऊंचा तिथे उल्लेख नाही. म्हणून पहिलं काम हे करा की मुलीचा करार सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदवलेला आहे का, हे कंपनीला लेखी विचारा. नोंद असेल तर पीएफचा आग्रह धरता येणार नाही, पण मग ठरलेलं प्रशिक्षण आणि शेवटचं प्रमाणपत्र तिला मिळालंच पाहिजे. नोंद नसेल तर तिची बाजू भक्कम आहे.

शंका : मी धारवाडच्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत शिक्षिका आहे. प्रोबेशन दोन वर्षांचं. संस्था म्हणते की आमच्याकडे कायम शिक्षक फक्त सोळा, वीस नाहीत, त्यामुळे पीएफचा कायदा आम्हाला लागूच नाही. प्रोबेशनवर आम्ही सात जणी आहोत.
— एक शिक्षिका, धारवाड

उत्तर : सोळा आणि सात किती झाले, हे संस्थेला विचारा.

वीस माणसांची मोजणी करताना कायम किती हे पाहत नाहीत, कामावर किती हे पाहतात. प्रोबेशनवरच्या तुम्ही सात जणी, ऑफिसातला कारकून, शिपाई, आया, संस्थेच्या पगारावरचा बसचालक, ठेकेदाराने पाठवलेला पहारेकरी, हे सगळे त्यात धरले जातात. एकदा कायदा लागू झाला की पुढे संख्या वीसच्या खाली आली तरी तो सुटत नाही. शाळा-कॉलेजांना हा कायदा १९८२ पासून लागू आहे, म्हणजे "शिक्षणसंस्था वेगळी असते" हेही ऐकून घेऊ नका.

दोन वर्षांचं प्रोबेशन आणि त्यानंतरही एकेक वर्षाने वाढवत नेण्याची रीत, असं मी पुष्कळ शाळांच्या बाबतीत पाहिलं आहे. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. सहा महिने किंवा त्याहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षांनाही दहा मोजलं जातं. चाळिशीत नोकरी सुरू करणाऱ्या, मध्ये मुलांसाठी थांबलेल्या शिक्षिकेच्या बाबतीत नोंद न झालेली ही दोन वर्षं पेन्शन मिळणं आणि न मिळणं यातलं अंतर ठरू शकतात. एकटीने तक्रार करायला भीती वाटत असेल तर सातही जणींच्या सहीने एकच अर्ज द्या.

शंका : आमच्या कंपनीत पीएफची तपासणी झाली. प्रोबेशनचे सात महिने भरले नव्हते ते आता भरायला लावले. कंपनीने आमच्या या महिन्याच्या पगारातून सातही महिन्यांचा आमचा हिस्सा एकदम कापला, आणि वर मालकाच्या हिश्श्याचेही अर्धे पैसे 'समायोजन' म्हणून कापले. हातात चार हजार आले.
— तारिहाळच्या एका कारखान्यातले कामगार

उत्तर : दोन्ही कपाती बेकायदा आहेत.

कर्मचाऱ्याचा हिस्सा ज्या महिन्याचा, त्याच महिन्याच्या पगारातून कापता येतो. योजनेच्या परिच्छेद ३२ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. वेळेवर कापला नाही तर तो बोजा मालकाचा. नजरचुकीने किंवा लिहिण्यातल्या चुकीने कपात राहिली असेल, तर निरीक्षकाच्या लेखी संमतीने नंतर कापता येते, पण सगळ्या प्रोबेशनवाल्यांना सात महिने बाहेर ठेवणं ही नजरचूक होत नाही. मालकाचा हिस्सा तर कामगाराच्या पगारातून कधीच, कुठल्याही नावाने, वसूल करता येत नाही. थकबाकीवरचं १२ टक्के व्याज आणि दंडाची नुकसानभरपाई यांनाही हेच लागू.

तुमची पगाराची चिठ्ठी नीट पाहा. 'समायोजन' हा शब्द छापील असेल तर तोच तुमचा पुरावा. चिठ्ठी हातातून जाऊ देऊ नका, फोटो काढून ठेवा. राहून गेलेल्या कामगारांना सामील करून घेण्यासाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने जी नोंदणी मोहीम काढली, तिच्यातही कामगाराचा न कापलेला हिस्सा माफ केला आणि मालकाने आपला भरायचा असं ठरवलं. सरकारचं धोरण काय आहे ते यावरून कळतं.

जाता जाता: ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जातोय पण खात्यात जमा होत नाही, त्यांचं प्रकरण याहून गंभीर आहे. कापलेला पैसा मालकाकडे विश्वासाने ठेवलेला मानला जातो. तो न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघात ठरतो.

शंका : मी आधी पुण्यात दीड वर्ष नोकरी केली, तिथे पीएफ कापला जायचा. आता विद्यानगरमधल्या ऑफिसात रुजू झाले. मूळ पगार १३,००० आणि सगळ्यांना सरसकट मिळणारा विशेष भत्ता १३,०००. एचआरचं म्हणणं, तुझा पगार पंधरा हजारांच्या वर, त्यामुळे प्रोबेशनमध्ये पीएफ द्यायला आम्ही बांधील नाही.
— एक वाचक, हुबळी

उत्तर : एचआरचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तुमच्या बाबतीत तेवढंही लागू नाही.

१ सप्टेंबर २०१४ पासून पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे. पूर्वी कधीच सभासद नसलेला माणूस त्याहून जास्त पगारावर लागला, तर त्याला पीएफ देणं कंपनीवर सक्तीचं नाही. दोघांच्या संमतीने घेता येतो. सगळ्यांना सरसकट मिळणारा विशेष भत्ता पीएफच्या पगारात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलं. तेव्हा तुमचा पगार २६,००० धरावा लागेल, हेही खरं.

पण तुम्ही सभासद आहात. पुण्याच्या खात्यातली रक्कम तुम्ही काढून घेतली नसेल, तर सभासदत्व अजून जिवंत आहे, आणि सभासद असलेल्याला जास्त पगाराच्या कारणाने बाहेर ठेवता येत नाही. किमान १५,००० वर, म्हणजे महिना १,८०० रुपये तुमचे आणि तितकेच कंपनीचे, रुजू झाल्याच्या तारखेपासून भरले पाहिजेत. तुम्ही भरलेल्या घोषणापत्रात जुना यूएएन लिहिला होता ना? नसेल तर आज लिहून द्या. दुसरा नवा यूएएन काढू देऊ नका. दोन यूएएनची गुंतागुंत सोडवण्यात फार वेळ जातो. पुण्याचा पैसा काढूही नका, इकडे वर्ग करून घ्या.

शंका : मुलगा नैऋत्य रेल्वेत लागला, दोन वर्षं प्रोबेशन. त्याला पहिल्या पगारापासून कपात सुरू झाली. हे बरोबर आहे का?
— निवृत्त कर्मचारी, केश्वापूर

उत्तर : बरोबर आहे. तो पीएफ नाही. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत आलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन प्रणाली लागू आहे: कर्मचाऱ्याचे १० टक्के, सरकारचे १४ टक्के. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्यायही आला आहे. प्रोबेशन संपण्याची वाट दोन्हींत पाहिली जात नाही. खासगी मालकांनी हे पाहण्यासारखं आहे.

शंका : प्रोबेशनमध्येच चार महिन्यांनी नोकरी सोडली. चारही महिने पीएफ कापला होता. सहा महिने झाले नाहीत म्हणून पेन्शनचे पैसे बुडाले असं मित्र म्हणतात. शिवाय नवीन ठिकाणी मालक म्हणतो, "पीएफ नको असं लिहून दे, हातात जास्त देतो." काय करू?
— एक वाचक, हुबळी

उत्तर : मित्र जुना नियम सांगत आहेत. सहा महिन्यांहून कमी सेवा असेल तर पेन्शनच्या भागातलं पूर्वी काही मिळत नसे. जून २०२४ मध्ये पेन्शन योजनेत दुरुस्ती झाली आणि आता सहा महिन्यांच्या आतल्या सेवेलाही पैसे काढण्याचा लाभ आहे. पीएफच्या भागातला तुमचा आणि मालकाचा हिस्सा तर व्याजासह तुमचाच होता आणि आहे. तरीही माझा सल्ला पैसे न काढण्याचा. नव्या ठिकाणी तोच यूएएन द्या आणि हे चार महिने पुढच्या सेवेला जोडून घ्या.

लिहून देऊ नका. तुम्ही सभासद आहात, त्यामुळे पीएफ नाकारण्याची मुभा तुम्हालाही नाही आणि मालकालाही नाही. 'हातात जास्त' म्हणून जे देऊ करतात, त्यात बहुधा तुमचेच बारा टक्के असतात. मालकाचे बारा टक्के त्याच्याकडेच राहतात. किती जास्त देणार, हे आकड्यात विचारा, म्हणजे कळेल.

नव्या नोकरीचा दुसरा महिना संपला की पासबुक उघडा. मालकाने प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायची असते, म्हणजे पहिल्या महिन्याची नोंद तोवर दिसायला हवी. तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा असे तीन रकाने असतात. तिन्हींत आकडा आहे का पाहा. मग सेवेच्या तपशिलात रुजू झाल्याची तारीख पाहा आणि नियुक्तीपत्रावरच्या तारखेशी ताडून बघा. पुष्कळ ठिकाणी प्रोबेशनचे महिने इथेच गाळले जातात: वर्गणी नीट सुरू होते, पण रुजू होण्याची तारीख सहा महिन्यांनी पुढची टाकलेली असते. असं दिसलं तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. यूएएन चालू असेल आणि मोबाईल नोंदवलेला असेल, तर ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यावर शिल्लक कळते, आणि एसएमएसने विचारलं तर उत्तर मराठीतही मागवता येतं.